आम्ही लावलेलं कुंकू

दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा एक व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. बावन्न सेकंदांचा. तो मी मुद्दाम ठेवला आहे, कारण स्वतःची शिसारी यायला माणसाजवळ काहीतरी हाताशी असावं असं माझं मत आहे. त्यात मी मोरपंखी पैठणी नेसून एका बाईच्या कपाळाला कुंकू लावते आहे आणि माझं लक्ष त्या कपाळाकडे नाही. मी कॅमेऱ्याकडे बघते आहे.

ती बाई माझी मैत्रीण. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, त्यामुळे मला ताई म्हणते आणि अहोजाहो करते. शारजात, अल नाहदामध्ये, आम्ही एकाच इमारतीत राहतो. मी नवव्या मजल्यावर, ती अकराव्या. दोघींची नोकरी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एकाच फॅक्टरीत. तिथे अल्युमिनियमच्या खिडक्यांच्या चौकटी बनतात. मी क्वालिटीची कागदपत्रं सांभाळते, ती खरेदी विभागात आहे. सहा वर्षं ती माझ्या गाडीतून कामाला यायची. पहाटे पावणेसहाला निघायचं, नशीब चांगलं असेल तर तासाभरात पोचायचं, रस्त्यात कुणी कुणाला ठोकलं असेल तर दोन तास. रोज इतका वेळ दोन बायका एका गाडीत कोंडल्या की त्या एक तर मैत्रिणी होतात नाहीतर एकमेकींचं तोंड बघत नाहीत. आमची मैत्री झाली.

तिचा नवरा फुजैराला तेलाच्या बंदरावर नोकरीला होता. आठवडाभर तिकडेच कंपनीच्या खोलीत राहायचा, शुक्रवारी संध्याकाळी तिकडची ताजी मासळी घेऊन घरी यायचा. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. एका मंगळवारी पहाटे ड्युटीवर असतानाच त्याला अटॅक आला आणि तो गेला. ती त्याला घेऊन कराडला गेली, सासरी. पाच आठवड्यांनी लेकीसह परत आली, कारण नोकरी इथे होती आणि मुलीची शाळा सुरू झाली होती.

ती परत आल्याबरोबर सल्ल्यांचा रतीब सुरू झाला. आता इंडियाला जा, इथे एकटी काय करणार. आता जाऊ नकोस, मुलीचं शिक्षण इथेच होऊ दे. घर बदल. त्याचे कपडे लगेच देऊन टाक, ठेवलेस की त्रास होतो. एका बाईने तर चौथ्या महिन्यात तिला दुसऱ्या लग्नाच्या वेबसाइटची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, 'वय आहे तोवर बघ, डिले नको करूस.' मला त्या बाईचा संताप आला होता, हे इथे नोंदवून ठेवते, कारण पुढे मी जे केलं त्यापुढे ती लिंक बरी. इथे प्रत्येक गोष्टीला संपायची तारीख असते. व्हिसाला असते, घराच्या करारनाम्याला असते, गाडीच्या कागदांना असते. दुःखालाही असणार असं आम्ही सगळ्याच धरून चाललो होतो.

गाडीत ती काही बोलायची नाही. पट्टा लावायची आणि समोर बघत बसायची. मला शांतता सोसत नाही. माझी आई म्हणायची, तुझ्या तोंडाला कुलूप लावलं तर तू कानाने बोलशील. मी पहिल्याच आठवड्यात 'दुःखातून उभं कसं राहावं' अशा विषयावरचं एक प्रवचन गाडीत लावलं. इंग्रजीत होतं, मागे बासरी. पाच मिनिटांनी तिने हात पुढे केला, आवाज शून्यावर नेला आणि हात परत मांडीवर ठेवला. मला राग आला. माझी गाडी, माझं पेट्रोल, तिच्या भल्यासाठी लावलेलं. रागावून मी लेन बदलली, तरी ती समोरच बघत होती.

मग बरेच दिवसांनी एकदा म्हणाली, "ताई, रेडिओ लावलात तरी चालेल. गाणी नकोत, न्यूज लावा." आणखी काही दिवसांनी म्हणाली, "आज करक चहा घेऊया का?" आम्ही वाटेवरच्या टपरीपाशी हॉर्न वाजवून गाडीतच चहा मागवला आणि गाडीतच प्यायलो. डिसेंबरात एक दिवस तिने आपणहून त्याचं नाव घेतलं. म्हणाली, तो मासळी आणायचा तेव्हा डोकी तिकडेच कापून आणायचा, कारण तिला माशाचे डोळे बघवत नाहीत. आणि थोडी हसली. पुढे आठवडाभर पुन्हा गप्प.

हे सगळं तिच्या हिशेबाने चाललं होतं, पण मी मात्र प्रगतिपुस्तक भरायला घेतलं होतं. आज रेडिओ, उद्या चहा, मग पुढचं काय आणि कधी. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. "आता जरा रंगीत कपडे घाल बाई. किती दिवस हे ग्रे अँड ब्लॅक?"

ती म्हणाली, "ताई, मी येतेय हळूहळू. फक्त मला मागून ढकलू नका."

त्या वेळी एक मोठ्या गाडीवाला माझ्या मागे चिकटून दिवे मारत होता आणि मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. त्यामुळे तिचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं.

जानेवारीत आमच्या मंडळाच्या बायकांची मीटिंग झाली. मंडळ म्हणजे आम्ही आजूबाजूच्या इमारतींमधली मराठी कुटुंबं, आणि महिला शाखेच्या अध्यक्षीणबाई आमच्याच शेजारच्या टॉवरमध्ये राहतात. त्यांच्या हॉलमध्ये आम्ही सातजणी जमलो. साबुदाणेवडे तळत होते म्हणून छतावरच्या स्मोक डिटेक्टरला आंघोळीची टोपी घातलेली. वाण म्हणून झाकणाचे डबे द्यायचे की कापडी पिशव्या यावर सव्वा तास चर्चा झाली. डबा एकशेपन्नास रुपयांना पडतो, म्हणजे सहा दिरहम, मग लीक-प्रूफ तरी हवा, वगैरे. पिशव्या जिंकल्या. मग अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "पण लेडीज, या वर्षी काहीतरी सोशल मेसेज हवा. अबू धाबीवाल्यांनी लास्ट इयर अवयवदान केलं होतं. आपलं नुसतं उखाणे आणि तंबोला दिसतं."

आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाले, "आपल्याकडे आता गावागावांत विधवांना मानाने हळदीकुंकू लावतात. आपण का नाही करत? आपल्याकडे आहे ना एक."

आहे ना एक. हे शब्द माझे. मी ते वडा खात खात बोलले होते.

सगळ्यांचे चेहरे उजळले. "वॉव, दॅट इज सो पॉवरफुल," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. कुणी लगेच बॅनरवरचं वाक्य सुचवलं, कुणी निवेदन लिहायला घेतलं. आमच्यातली सगळ्यात लहान, नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी होती. ती म्हणाली, "पण त्यांना विचारायला हवं ना आधी?" एवढ्या बायकांत अक्कल तिच्याच वाट्याला आली होती.

तिला उत्तर मी दिलं. "विचारलं तर ती नाहीच म्हणेल. सरप्राइज ठेवू. मी ओळखते तिला, एकदा झालं की मोकळी होईल."

"खलास, डन," अध्यक्षीणबाई म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे तर बाशिंग दुसरीच्या गुडघ्याला बांधायचं होतं, त्यामुळे आमच्या उत्साहाला काही तोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "येशील ना गं शनिवारी? सगळ्या येणारेत."

ती बराच वेळ विचार करत होती. नाहदाच्या पुलापासून विमानतळाच्या बोगद्यापर्यंत. मग म्हणाली, "तिळगूळ घ्यायला येईन ताई. मागे बसेन. पण हळदीकुंकू नको. अजून नको."

"अगं बस की मागे," मी म्हणाले. "कोण तुला पुढे बोलावतंय?"

ही थाप मारताना मला काहीही वाटलं नाही, हे मला नंतर सगळ्यात ओंगळ वाटलं. माणूस एखाद्याला फसवायचं म्हणून खोटं बोलतो तेव्हा निदान आतून थोडा टरकलेला असतो. मी तर तिच्यावर उपकार करत होते.

कार्यक्रम आमच्याच इमारतीच्या गच्चीवरच्या पार्टी हॉलमध्ये होता. हवा छान होती. साठेक बायका, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, उसाचे करवे कुठून कुठून मिळवून आणलेले, बोरं तर थेट पुण्याहून कुणाच्या तरी बॅगेतून आलेली. ती आली ती फिकट जांभळा कुर्ता घालून. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रंग. लेक बरोबर होती. दोघी शेवटच्या रांगेत भिंतीकडेला बसल्या. तिने मला लांबून हात केला. तो जांभळा रंग बघून मला वाटलं, बघा, मी म्हटलं नव्हतं? तयार झाली आहे ती. खरं म्हणजे त्या एका कुर्त्यासाठी तिला किती दिवस लागले असतील, आणि तेवढंच पाऊल तिने त्या दिवसासाठी काढलेलं असेल, हे समजायला फार शहाणपण लागत नव्हतं.

उखाणे झाले. मग अध्यक्षीणबाईंनी माइक घेतला. "आता आजच्या कार्यक्रमातला एक स्पेशल क्षण. जुन्या रूढी तोडणारा." मागे कुणीतरी बासरी लावली. बासरीने माझा पिच्छा पुरवला आहे. सगळ्यांच्या माना मागे वळल्या आणि सगळे फोन वर आले. ठरल्याप्रमाणे मी शेवटच्या रांगेकडे चालत गेले आणि तिचा हात धरला.

"चल, यल्ला, ऊठ."

तिला अजून कळलं नव्हतं. अर्धवट उठत तिने समोरचं तबक बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, नको."

तो हॉलभर कुणाला ऐकू गेला नाही. मला स्पष्ट ऐकू आला. मी हसत म्हणाले, "अगं काही होत नाही," आणि तिला ओढत पुढे आणलं. हो, ओढत. व्हिडिओत ते मायेने हात धरल्यासारखं दिसतं, पण तिचा कोपर ताठ होता आणि मी जोर लावला होता. मग मी तिच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. बोट घसरलं आणि थोडं नाकावर सांडलं. टाळ्या झाल्या. कुणी डोळे पुसले. तिने वाणाची पिशवी घेतली, तिळगूळ घेतला, कारण ती चांगल्या घरची मुलगी आहे आणि साठ बायकांसमोर तमाशा करणं तिला जमलं नसतं. आम्ही त्याच चांगुलपणाचा फायदा घेतला. पाच मिनिटांत ती लेकीला घेऊन खाली गेली. अध्यक्षीणबाई मला म्हणाल्या, "भारावून गेली बिचारी." मी मान डोलावली आणि तंबोल्याचं तिकीट घेतलं.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला. प्राऊड मोमेंट, हॅट्स ऑफ, स्त्रीशक्ती, हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे, फुलं. कुणीतरी माझं नाव घेऊन मला समाजसुधारक ठरवलं आणि मी खाली 'आपल्या सगळ्यांचं टीमवर्क' असं लिहिलं. माझ्याच अंगठ्याने.

सोमवारी पहाटे मी खाली गाडी लावून थांबले. पाच पन्नासला मेसेज आला. 'आजपासून मी कंपनीच्या बसने जाईन.' बस म्हणजे कामगारांची बस, औद्योगिक क्षेत्रातून लेबर कॅम्पमधल्यांना घेत घेत जाणारी. तिला त्यासाठी अर्धा तास आधी उठून दोन सिग्नल चालत जावं लागणार होतं. मला सगळ्यात आधी काय वाटलं? कृतघ्न आहे, असं वाटलं. इतकं केलं तिच्यासाठी.

अध्यक्षीणबाईंना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिला अजून अॅक्सेप्ट होत नाहीये. काउन्सेलिंग सुचवूया का?" म्हणजे चूक अजूनही तिचीच, आणि तिच्या दुरुस्तीचं काम पुन्हा आमच्याकडेच. त्यांच्या त्या आवाजात मला पहिल्यांदा माझा आवाज ऐकू आला. त्या रात्रीच मी तो व्हिडिओ पहिल्यांदा नीट बघितला, आवाज बंद करून. एक बाई नको म्हणते आहे आणि दुसरी बाई फोटोसाठी हसते आहे.

आता कुणाला वाटेल की एवढं कळल्यावर मी शहाणी झाले असेन. छे. मला तिची माफी मागायची होती, पण तीही लगेच. तिसऱ्याच दिवशी गूळपोळ्यांचा डबा घेऊन मी अकराव्या मजल्यावर हजर. दार लेकीने उघडलं. अकरा वर्षांची पोर, दाराची साखळी न काढता फटीतूनच बोलली. "ममा इज रेस्टिंग, आंटी. शी विल कॉल यू."

"मी दोनच मिनिटं बसते, बाळा."

"शी सेड शी विल कॉल," पोरगी म्हणाली आणि दार लावलं.

फोन आला नाही. मी दिवसाला तीन तीन मेसेज टाकत होते. 'एकदा बोलू', 'माझं ऐकून तर घे', 'असा अबोला बरा नाही'. तिने माफ करावं, आणि माझ्या सोयीने या आठवड्याच्या आत करावं, म्हणजे मी पुन्हा चांगली बाई झाले. लोकांच्या जखमेवरची खपली सुद्धा मला माझ्या वेळापत्रकाप्रमाणे पडायला हवी होती. हे लिहितानाही मला माझा वीट येतो. शेवटी नवऱ्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला. तो फारसा बोलत नाही, त्या दिवशी म्हणाला, "तिला सोड आता. तू तिच्या दारात उभी आहेस म्हणून ती बाहेर येत नाहीये." मी मेसेज थांबवले.

रमजान सुरू झाला. आमच्या फॅक्टरीत या महिन्यात उपास नसलेल्यांसाठी एक लहान खोली ठेवतात, दाराच्या काचेला कागद लावून. तिथे आम्ही तीन-चार जणी आपापले डबे खायचो. ती माझ्याशी तुटक बोलायची, फाइलचं, ऑर्डरचं, कामापुरतं. एका दुपारी बाकीच्या लवकर उठल्या आणि आम्ही दोघीच उरलो. मी डबा बंद करून उठायला लागले तर ती म्हणाली, "बसा ताई." त्या शनिवारनंतर सव्वादोन महिने झाले होते.

"मला तुमच्याशी भांडायचं नाहीये," ती म्हणाली. "एकच सांगायचंय. तो गेला त्या पहाटे फोन आला तेव्हा माझी आंघोळसुद्धा व्हायची होती. कपाळाला काही नव्हतं. तशीच धावले. मग कराडला गेलो. तिथे बायका आल्या होत्या, ते सगळं करायला. बांगड्या, कुंकू. सासूबाईंनी त्यांना उठवून लावलं. मुलगा त्यांचा गेला होता, ताई. तरी त्या म्हणाल्या, तिच्या कपाळाचं तिचं ती बघेल, कुणी हात लावायचा नाही."

ती पाण्याचा घोट घेऊन पुढे म्हणाली,

"म्हणजे माझं कुंकू कुणी पुसलंच नव्हतं. मी लावत नव्हते, एवढंच. कधी लावायचं, लावायचं की नाही, ते माझ्याकडे होतं. त्या दिवशी मी घरी गेले आणि बेसिनपाशी उभी राहिले. तुमच्या हातचं ते तसं ठेवून मला झोपता आलं नसतं. मग पुसलं. जात नव्हतं, साबण लावून चोळलं. लेक दारात उभी राहून बघत होती. जे सासूबाईंनी कुणाला करू दिलं नाही, ते मला माझ्या हाताने करावं लागलं."

मी तोंड उघडलं. "अगं, मी तुला खरंच..."

"आत्ता नको, ताई," ती शांतपणे म्हणाली. "मला अजून ऐकायचं नाहीये. ऐकायचं असेल तेव्हा मी सांगेन."

तिने डबा धुतला, पिशवीत ठेवला आणि कामाला गेली.

आम्ही अजून त्याच इमारतीत राहतो. लिफ्टमध्ये भेटतो, ती हसून मान हलवते, मीही हलवते. सकाळी ती बसने जाते. माफीचं वाक्य माझ्या तोंडात तयार असतं आणि नवव्या मजल्यावर दार उघडलं की मी ते गिळून बाहेर पडते. दोन वर्षं झाली. तिने अजून सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.